चाकापर्यंतचे ऊन

खिडकीतून शिरलेले ऊन हळूहळू खोलीच्या आत सरकत जाते, असे सर्वांना वाटते. आमच्या मधल्या खोलीत ते उलटे चालते. सकाळी आधी येतो तो नुसता उजेड, ऊन नव्हे. सूर्य समोरच्या इमारतीच्या पाठीमागे अडकलेला असतो आणि तिच्या कडेवरून सांडलेला, पाणी घातलेल्या दुधासारखा फिका उजेड आमच्या छतावर पसरतो. त्या वेळी वस्तूंना सावल्या नसतात. वस्तू आहेत एवढेच कळते. खाट, कपाट, भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी, खिडकीजवळचे शिलाई मशीन: सगळे कुणीतरी नुकतेच आठवून जागच्या जागी ठेवल्यासारखे. मग सूर्य गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागून बाहेर येतो आणि ऊन पडते ते एकदम खोलीच्या सर्वांत आतल्या टोकाला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिथून ते परतीला लागते. एकेक फरशी सोडत ते खिडकीकडे माघारी येते. उंबऱ्यापासून मशीनपर्यंत सहा फरशा आहेत, तिसरी कोपऱ्यात फुटलेली. सहावी ओलांडली की मशीनच्या चाकाची कड चमकते आणि एक लहानसा, थरथरता ठिपका छतावर उमटतो. एवढ्याला पाऊण तास लागतो.

हा पाऊण तास माझ्या प्रार्थनेचा असे. उंबऱ्यावर ऊन आले की मी खाटेशेजारी गुडघे टेकीत असे आणि चाक चमकले की आमेन म्हणत असे. घड्याळाकडे पाहत प्रार्थना करणे मला उद्धटपणाचे वाटे. उन्हाकडे पाहणे मात्र चालत असे. का, ते मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

ताई यावरून मला सोडत नसे. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि पंधराव्या वर्षी ताईने घर हातात घेतले. मी छापखान्यात मुद्रिते तपासतो, म्हणून तिने माझे नाव शुद्धलेखन ठेवले होते.

"काय हो शुद्धलेखन, तुझा देव बरा आहे. चाकावर ऊन आलं की सुट्टी देतो. माझी सुट्टी कुठल्या चाकावर येते, ते विचार ना जरा."

"ताई, अशी थट्टा करू नकोस."

"थट्टा कसली? त्याला सांग, बाई कामात आहे. मोकळी झाली की येईल."

ती मोकळी कधी झाली नाही. रुग्णालयातून विरलेल्या चादरींचे गठ्ठे आमच्याकडे दुरुस्तीला येत. झोपणाऱ्याच्या पाठीखाली चादर मधोमध विरते. कडा मात्र कोऱ्या राहतात. ताई अशी चादर उभी मधून फाडी, कडा मध्ये घेऊन शिवी, आणि विरलेला भाग बाजूंना नेई. मग ती मधल्या शिवणीवर गाल ठेवून टोकापर्यंत फिरवी. गालाला शिवण लागली की उसवून पुन्हा घाली. "उठता येत नाही त्या माणसाला ही टोचत राहते," ती म्हणे, "आणि बिचाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय."

उठता न येणारे माणूस आमच्याही घरात होते. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चाळीस वर्षे कुलपे दुरुस्त केली आणि तितकीच वर्षे आमच्या छोट्या मंडळीत दर रविवारी उपदेश केला. सात वर्षांपूर्वी एका झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरले दोन-चार शब्द, आणि तेही तुटके. ताई दर दोन तासांनी त्यांची कूस बदली, पाठ पुशी, तोंडात घास घाली आणि गिळेपर्यंत गळ्यावर बोट ठेवून थांबे. हे सात वर्षे. मी सकाळी प्रार्थना करी, दिवसभर छापखान्यात असे आणि संध्याकाळी अण्णांना वाचून दाखवी. मला सेवा जमत नाही, माझे हात घाबरतात, असे मी म्हणत असे. आणि ताईने ते कधी खोडून काढले नाही.

अण्णांची शिकवण साधी होती. माणूस कुलूपबंद खोलीत आहे, ते सांगत. आतून त्याने कितीही कानस चालवली तरी त्याची किल्ली होत नाही. किल्ली बाहेरून येते, फुकट येते. त्याने फक्त हात पुढे करायचा. तो हात म्हणजे विश्वास. बाकी सगळे कर्तृत्व म्हणजे कानशीचा खरखराट.

ताई सोळा वर्षांची असताना, म्हणे, भर सभेत तिने विचारले होते, "अण्णा, पण हात पुढे करणं हे काम नाही का?"

लोक हसले होते. अण्णा हसले नव्हते. त्यानंतर ताईने सभेत तोंड उघडले नाही. ती मागच्या बाकावर बसे, गाणी म्हणे, खुर्च्या आवरी आणि घरी येई. आमच्या मंडळीत ज्याला विश्वासाची खूण पटते तो उभा राहून तसे सांगतो, आणि ती तारीख मंडळीच्या वहीत लिहिली जाते. त्याला आम्ही 'दिवस' म्हणतो. माझा दिवस अठराव्या वर्षी लिहिला गेला. ताईचा कधीच लिहिला गेला नाही.

"दिवस नाही म्हणतात मला," ती दोरा दाताने तोडत म्हणे. "वर्षाला तीनशे पासष्ट येतात. त्यातला कुठला सांगू?"

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, कारण आमच्यात कुणी वारले की दफनाच्या वेळी त्याने काय काय केले हे सांगायची मनाई आहे. हा नियमही अण्णांनीच घातलेला. मेलेल्या माणसाची सत्कृत्ये मोजणे म्हणजे देवाला हिशेब दाखवणे, असे ते म्हणत. पाळक फक्त त्याचा दिवस सांगतात, दोन साक्षीदार उभे राहतात, आणि माती टाकली जाते. ज्याला दिवस नाही त्याच्याबद्दल काहीही सांगितले जात नाही. मी तसे एक दफन पाहिले होते. त्या शांततेत एका बाईच्या बांगड्यांचा आवाज तेवढा झाला होता.

म्हणून मी रोज सकाळी ताईसाठी प्रार्थना करी. खरे तर सर्वांत जास्त वेळ तिच्यासाठीच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. लहानपणी ताई मला राजा म्हणत असे. आई गेल्यावर मी रात्री-अपरात्री दचकून उठे, तापात बरळे, शाळेच्या दारात तिचा हात सोडत नसे. अशा वेळी ती खाली बसून माझ्या कानाशी म्हणे, "राजा, मी आहे ना." आमच्या मंडळीत प्रार्थनेत प्रभूला राजा म्हणतात. एकदा अण्णांनी तिचे ऐकले आणि पान्हा खाली ठेवून म्हणाले, "या घरात राजा एकच आहे. तो शब्द माणसाला लावायचा नाही." तेव्हापासून तो शब्द घरातून उठला. पण पूर्ण नाही. मला परीक्षेत अपयश आले तेव्हा, एकदा गाडीखाली येता येता वाचलो तेव्हा, अण्णांना उचलून रुग्णालयात नेले त्या दुपारी: ताईच्या तोंडून तो खालच्या आवाजात निघालाच. जेव्हा एकाला दुसऱ्याची खरोखर गरज असे, फक्त तेव्हा. हे जगात तिघांनाच ठाऊक होते.

त्या दिवशी सकाळ नेहमीसारखी होती. ताईने अण्णांची चादर काढली, त्यांना पुसून कोरडी चादर घातली, माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "आज खांदा फार भरून आलाय रे. पिळायला मदत करशील का थोडी?"

"आलोच, प्रार्थना झाली की," मी म्हणालो.

उंबऱ्यावर ऊन आले होते.

ती स्वयंपाकघरातून मागे मोरीत गेली. नळाचा आवाज सुरू झाला. चाक चमकल्यावर मी उठलो, तेव्हाही नळ चालूच होता, पण बादली कधीच भरून वाहत असावी. पाणी स्वयंपाकघरात आले होते. ताई मोरीच्या कठड्याशी भिंतीला टेकून बसल्यासारखी होती. ओल्या चादरीचे एक टोक तिच्या मुठीत होते.

डॉक्टर पंधरा मिनिटांत आल्या. त्यांना फारसे काही करायचे उरले नव्हते.

"या अशा कधीपासून पडल्या होत्या?"

"मला माहीत नाही. मी प्रार्थनेत होतो."

"हाक वगैरे मारली नाही त्यांनी?"

"मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी मान हलवली. "लवकर कळलं असतं तर," त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडून दिले. माझा पेशा वाक्ये पुरी झाली की नाहीत हे पाहण्याचा आहे. ते मी पुरे करायला सांगितले नाही.

दुपारी पाळक आले. ते मऊ मनाचे गृहस्थ होते, अण्णांच्याच हाताखाली शिकलेले, आणि ताईने त्यांच्या कोटाचे अस्तर दोनदा बदलून दिले होते. ते पुढच्या खोलीत अण्णांच्या खाटेशी बसले आणि हातातली टोपी गोल फिरवीत राहिले. वही त्यांनी आणली होती, पण पिशवीतून बाहेर काढली नव्हती.

अण्णांचे डोळे त्या पिशवीवर होते.

"दि," ते म्हणाले. गळ्याची शीर ताठ झाली. "दि... वस?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे. अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागले. उजव्यातून येत नसे. ज्या माणसाने हा नियम बांधला तो स्वतःच्या मुलीसाठी त्याच नियमाखाली सापडला होता, आणि हलताही येत नसल्यामुळे त्याच्यापासून तोंड फिरवू शकत नव्हता.

"अण्णा," पाळक म्हणाले, "देवाची कृपा मोठी आहे. आपण प्रार्थना करू. पण उद्या तिथे... मी काय बोलू? तुम्हीच शिकवलंत."

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या काकू आत आल्या. त्यांच्या आणि आमच्या मोरीला एकच भिंत. त्या बत्तीस वर्षे टेलिफोनच्या ऑफिसात जोडणी करून देत असत आणि ऐकलेल्या शब्दाबद्दल त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे.

"मघापासून सांगू की नको करतेय," त्या दारातूनच म्हणाल्या. "पाळकसाहेब, सकाळी मी दात घासत होते. भिंतीतून तिचा आवाज आला. स्पष्ट. मला वाटलं, प्रार्थना करतेय, म्हणून मी गप्प बसले. मेलं माझं शहाणपण! तेव्हाच आले असते तर!"

"काय म्हणाली ती?"

"राजा, ये. मग थोडं थांबून, राजा, ये रे. आणि तिसऱ्यांदा नुसतंच, राजा."

पाळकांच्या हातातली टोपी थांबली.

"राजा म्हणाली? नक्की?"

"बत्तीस वर्षांत एक नंबर चुकला नाही माझा."

पाळक उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला तो पाहवेना. "अण्णा, ऐकलंत? शेवटच्या घडीला तिने प्रभूला हाक मारली! हात पुढे केला तिने!" मग ते माझ्याकडे वळले, माझे खांदे धरले. "आणि तू त्याच वेळी आत गुडघ्यावर होतास. कुणासाठी मागत होतास?"

"ताईसाठी," मी म्हणालो. ते खरे होते.

"बघा! तू मागत होतास आणि तिकडे ती हाक मारत होती." त्यांनी वही बाहेर काढली. तिच्यावर हात ठेवून ते थांबले. "पण साक्षीदार दोन लागतात. काकू एक. तू मधल्या खोलीत होतास. तुझ्या कानावर आलं असेल ना?"

तो क्षण मी त्यानंतर पुष्कळदा, एखाद्या मुद्रितासारखा, ओळीखाली पट्टी धरून वाचला आहे. हो म्हटले असते तर ताईला दिवस मिळाला असता. पण हो म्हटले असते तर मला ऐकू आले होते, असे झाले असते. आणि ऐकू आले होते तर मी उठलो का नाही, हा प्रश्न पुढच्याच ओळीवर उभा होता. तो डॉक्टरांनी विचारला नसता, पाळकांनीही कदाचित नाही. काकूंनी विचारला असता.

"नाही," मी म्हणालो. "मी प्रार्थनेत होतो. मला काही ऐकू आलं नाही."

"मधल्या खोलीत असून?" काकू म्हणाल्या. "मला भिंतीतून ऐकू येतं, आणि तुला उघड्या दारातून नाही? कान तपासून घे बाबा एकदा."

"तो प्रार्थनेत फार खोल जातो, काकू," पाळक हळूच म्हणाले. माझी बाजू घ्यावी म्हणूनच ते बोलले होते. आयुष्यभर मिळवलेला माझा विश्वासूपणा असा कामी आला. त्यांनी वही मिटायला घेतली.

मग खाटेवर काहीतरी आपटले. अण्णांनी डाव्या हाताची मूठ कठड्यावर मारली होती. ती त्यांनी पुन्हा मारली आणि हात वर धरला; साक्ष द्यायला उभे राहणारा धरतो तसा.

"अण्णा? तुम्ही ऐकलंत?"

अण्णांनी पापण्या मिटून उघडल्या. त्यांची होकाराची खूण ती होती.

"काय ऐकलंत?"

त्यांच्या ओठांना तो शब्द सापडायला फार वेळ लागला. आम्ही तिघे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांचे डोळे मात्र पाळकांकडे नव्हते, काकूंकडे नव्हते. ते माझ्यावर होते.

"रा... जा," अण्णा म्हणाले.

पाळकांनी तारीख लिहिली. आमच्या घराची रचना त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही: मागे मोरी, मध्ये माझी खोली, पुढे अण्णांची. मोरीतून निघालेली हाक पुढच्या खोलीत पोहोचायची तर ती माझ्यावरूनच जायला हवी. दुसरी वाट नाही.

दफनाच्या वेळी पाळकांनी नियमाप्रमाणे फक्त दिवस सांगितला. पुष्कळ लोक रडले, आणि आनंदाने. रुग्णालयातून दोन परिचारिका आल्या होत्या. त्यांना आमचा नियम ठाऊक नव्हता. एक दुसरीला म्हणाली, "तिच्या चादरीवर शिवण कळायची नाही गं, हात फिरवला तरी." कुणीतरी त्यांना हलकेच गप्प केले. त्या दिवशी ताईच्या हातांबद्दल बोलले गेलेले तेवढे एकच वाक्य.

पुढच्या आठवड्यात मंडळीने तिच्या आठवणीचे कार्ड आमच्याच छापखान्यात दिले. मुद्रित माझ्या टेबलावर आले. दोनच ओळी होत्या. तिचे नाव, आणि खाली: शेवटच्या क्षणी तिने राजाला हाक मारली.

मी ते किती वेळ पाहत होतो कोण जाणे. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नसतात. देव आणि माणूस एकाच मापाने छापले जातात. कुठला राजा, हे अक्षर सांगत नाही. मला ते सोयीचे वाटले. मी मनाशी म्हणालो, कोण जाणे, खरेच तिने त्यालाच हाक मारली असेल. मरताना माणूस बदलतो. मी तिच्यासाठीच मागत होतो; मागितलेले मिळाले असेल. काकूंनी तसेच ऐकले, पाळकांना तसेच वाटले, अण्णांनी साक्ष दिली. माझ्या एकट्याच्या शंकेला काय किंमत?

"अहो पंडित," अक्षरजुळणी करणारा पलीकडून ओरडला, "दोन ओळींना अर्धा तास? चूक सापडत नसेल तर तुमच्या पदरची घाला एक आणि द्या इकडे."

मी कोपऱ्यात 'बरोबर' असे लिहिले, सही केली आणि कागद त्याला दिला.

आता अण्णांचे सगळे मी करतो. दुसरे कोण आहे? पहिल्या दिवशी त्यांना कुशीवर वळवताना माझे हात खरोखरच घाबरले. चौथ्या दिवशी घाबरायचे विसरले. एवढेच होते ते. ज्याला मी स्वभाव म्हणत होतो ते चार दिवसांचे काम होते. पाठीवर तेल लावताना ताईची बोटे कुठे थांबत असतील ते मला कातडीवरून कळू लागले; काही जागा मऊ राहिल्या होत्या, कारण सात वर्षे कुणीतरी त्या विसरले नव्हते. घास दिल्यावर मी गळ्यावर बोट ठेवतो. गिळणे बोटाला कळते. हे करताना माझ्या मनात देव नसतो, तारण नसते, काहीच नसते. फक्त घास खाली गेला की नाही, एवढेच असते. ताई म्हणत असे ते मला आठवते. एकदा मी तिला ऐकवले होते की कृत्यांनी कुणाचे तारण होत नाही. ती अण्णांची उशी झटकत होती. "तारणासाठी कोण करतंय?" ती म्हणाली होती. "पाठीला फोड येतात म्हणून करते. बाजूला हो, उजेड अडवतोयस."

प्रार्थना मी सोडली नव्हती. उंबऱ्यावर ऊन आले की गुडघे टेकत होतो. फक्त ताईचे नाव आता कुठे घालावे ते कळत नसे; ती जागा रिकामी ठेवून मी पुढच्या वाक्यावर जाई.

परवा सकाळीही तसाच बसलो होतो. ऊन फुटक्या फरशीवर होते. पुढच्या खोलीतून अण्णांची हाक आली. एरवी ते कठड्यावर मूठ आपटतात, किंवा घशातून नुसता आवाज काढतात. या वेळी त्यांनी शब्द वापरला. तीस वर्षांपूर्वी स्वतः घरातून हद्दपार केलेला शब्द.

"रा... जा."

मी वाक्य अर्ध्यात टाकून उठलो. गुडघा खाटेच्या पायावर आपटला. पडदा सारून आत गेलो तेव्हा ते माझ्याकडेच पाहत होते. मी इतक्या लवकर येईन असे त्यांना वाटले नसावे. किंवा येतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

"काय झालं, अण्णा?"

"पाठ," ते म्हणाले.

मी त्यांना वळवले. त्यांच्या अंगाखाली चादरीला एक जाड घडी पडली होती. ती सरळ केली. लाल झालेल्या जागेवर तेल लावले. त्यांचे तोंड भिंतीकडे होते, माझे त्यांच्या पाठीकडे, आणि त्यामुळे मला विचारता आले.

"अण्णा, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

डावा हात मागे आणून त्यांनी माझे मनगट चाचपले, सापडल्यावर धरले, आणि थोड्या वेळाने, काम पुरे व्हावे म्हणून, सोडून दिले.

ज्या माणसाने कर्माचा एक कणही देवापुढे चालत नाही असे चाळीस वर्षे सांगितले, त्याने त्या दुपारी एक मूठ उचलली होती. खोटे ते बोलले नव्हते; ऐकलेला शब्द त्यांनी जसाच्या तसा सांगितला होता. पण त्या एका शब्दाने त्यांनी मुलीला दिवस दिला आणि मुलाला लपायला जागा दिली, आणि स्वतःसाठी काय ठेवले ते मला माहीत नाही. सात वर्षे हलू न शकलेल्या माणसाने ते केले. मी तर धडधाकट होतो.

पडदा उघडाच राहिला होता. खाटेवरून मधली खोली सरळ दिसत होती: माझी रिकामी जागा, तिच्यापलीकडे उंबरा, त्याच्यापलीकडे मोरीचे दार. अण्णा सात वर्षे हेच पाहत पडून होते, आणि त्या सकाळी पडद्यामागून माझा आवाज ऐकत होते. ताईने पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मी तिच्या विश्वासासाठी मागणी करीत होतो. दुसऱ्यांदा मारली तेव्हा मी आवाज थोडा वाढवला. तिसऱ्यानंतर मोरीतून फक्त पाणी ऐकू येत होते, आणि चाकापर्यंत अजून दीड फरशी बाकी होती.

तो राजा मी होतो. मला पहिलीच हाक ऐकू आली होती.